खांब मधोमध हाय की

आमच्या शेतात एक पांढरा घुमट आहे. रस्त्यानं पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाला ते देऊळ वाटतं आणि तो एसटीच्या खिडकीतून हात जोडतो. गावातले लोक त्याला टाकी म्हणतात. त्यांचंही खोटं नाही. तो घुमट केला मंगळवार पेठेतल्या एका मित्रानं, ज्याचा फायबरच्या टाक्या करायचा धंदा आहे, आणि टाकीचा करतात तसाच मोठा साचा करून केला. फक्त आत पाणी नाही, दुर्बीण आहे.

दुर्बीण माझ्या नवऱ्याची. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते आणि बाहेर 'हे', तेव्हा इथंही 'हे'च म्हणेन. ह्यांचं आयुष्य उद्यमनगरात गिअरचे दाते कापण्यात गेलं आणि माझं ज्युनियर कॉलेजात पोरांना त्रिकोणमिती शिकवण्यात. आकाशाशी आमच्या दोन्ही घराण्यांचा संबंध पंचांगापुरता. पण ह्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात शनीची कडी पाहिली आणि मग हे काही ताळ्यावर आले नाहीत.

शहाण्या माणसानं गगनबावड्याच्या वाटेवर दुर्बीण उभारू नये. तिकडं पाऊस एकदा बसला की दसऱ्याशिवाय उठायचं नाव घेत नाही, आणि निम्मं वर्ष दुर्बीण प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून झोपलेली असते. पण वाटणीत आलेली जमीन तिथं होती आणि शहराचा उजेड तिथवर पोचत नव्हता. नोकरी होती तोवर आम्ही शनिवार-रविवार तिकडं जायचो. निवृत्त झाल्यावर शहरातलं घर भाड्यानं दिलं आणि तिथंच राहायला गेलो.

हे नेमकं काय बघतात, असं लोक विचारतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा एक तारा आहे. तो हळूहळू मंद होतो, पुन्हा उजळतो, आणि त्याचं हे वेळापत्रक जरा जरा बदलत राहतं. हे त्याचे तासन्‌तास फोटो काढतात, त्याची चमक मोजतात आणि आपल्यासारख्याच चार वेड्यांना कळवतात. याचा उपयोग काय, असं मी एकदा विचारलं होतं. "कुणीतरी बघाय नको व्हय त्येच्याकडं?" असं उत्तर मिळालं. घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं. मी पुन्हा विचारलं नाही.

घुमटाला वरपासून खालपर्यंत एक उभी फट असते. तिच्यातून दुर्बीण बघते. तारे सरकतात, तशी दुर्बीण आपल्या मोटरीवर त्यांच्या मागं सरकते, पण घुमट बिचारा तिथंच. थोड्या वेळानं दुर्बिणीपुढं फटीऐवजी फायबरची भिंत येते. मग उठायचं आणि घुमट ढकलायचा. हे खांद्यानं ढकलायचे, भरलेलं कपाट सरकवावं तसा. खालच्या चाकांची घरघर मला घरात ऐकू यायची आणि ह्यांचं ठीक चाललंय असं समजून मी कूस बदलायची.

गेल्या वर्षी ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण ढकलणं, ओढणं, उचलणं कायमचं बंद. हे "व्हय, व्हय" म्हणाले आणि घरी आल्यावर आठवडा जातो न जातो तोच घुमटाकडं निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. तो सगळा हिवाळा घुमट मी ढकलला. हे घरात कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसून "आता" म्हणायचे आणि मी शाल गुंडाळून अंगण ओलांडायची. मला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास ह्यांना व्हायचा. मी परत आले की हे माझ्या तळहातांकडं बघायचे.

मग उन्हाळ्यात एकदा जेवताना, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "दुर्बीण कॉलेजला देऊन टाकतो. बोलणं झालंय. दिवाळी झाली की गाडी पाठवतो म्हणालेत."

"कुणाला विचारून?"

"तुला घुमट ढकलाय लावून मी तारा बघत बसू? न्हाय जमायचं आपल्याला."

आवाज नेहमीसारखाच मोठा होता, शेजारच्या शेतात ऐकू जाईल असा. पण भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून ठेवला होता. मला इतका राग आला की मी माझं ताट उचलून आत गेले. ह्या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी हौसेनं घेतलेली ती एकच गोष्ट, आणि ती माझं निमित्त करून सोडायला निघालेले. माझं कुणी निमित्त केलेलं मला खपत नाही.

भांडी घासताना माझं ठरलं. घुमट आपला आपण फिरला पाहिजे. दुर्बीण जिकडं वळेल तिकडं फट गेली पाहिजे, आणि तेही दिवाळीच्या आत. मी बाहेर येऊन तसं सांगितलं तेव्हा हे नुसते हसले. पण दुसऱ्या दिवशी शहरात गेले ते सायकलच्या चेनींचं गाठोडं घेऊन परत आले. दात्यांशी संबंध आला की ह्या माणसाचा चेहराच बदलतो. चेनी एकमेकींना जोडून आम्ही त्या घुमटाच्या आतल्या कडेनं गोल चिकटवल्या. एक दातेरी चाक मोटरीला, ते चेनीत अडकून घुमट फिरवणार. दुसऱ्या छोट्या चाकावर दाते मोजणारा सेन्सर. किती दाते सरकले यावरून फट आत्ता कुठं आहे ते कॉम्प्युटरला कळणार. चढणं, चिकटवणं माझ्याकडं आणि दारात बसून आरडाओरडा करणं ह्यांच्याकडं, अशी कामाची वाटणी होती.

उरलं गणित, आणि गणित तर माझंच. दुर्बीण कुठं बघतेय ते तिच्या माउंटला, म्हणजे खांबावर बसवलेल्या तिच्या फिरत्या सांध्याला, माहीत असतं. तोच कोन घ्यायचा आणि घुमटाला सांगायचा, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. गोल खोलीच्या मधोमध उभं राहून खिडकीतून लांबच्या डोंगराकडं बोट दाखवलं, तर बोट आणि खिडकी एकाच दिशेला असतात. आता दोन पावलं बाजूला सरका आणि त्याच डोंगराकडं बोट दाखवा. बोटाची दिशा तीच, पण ते भिंतीवर आपटतं आणि खिडकी बाजूला राहते. दुर्बिणीची नळी खांबाच्या एका कुशीला लटकलेली असते, ती मधोमध नसतेच. त्यामुळं दर दिशेला फट किती पुढंमागं न्यायची याचा हिशेब वेगळा.

कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी रकाने होते. घुमटाची त्रिज्या किती. नळी खांबापासून किती लांब. खांब घुमटाच्या मध्यापासून उत्तर-दक्षिण किती सरकलेला आणि पूर्व-पश्चिम किती सरकलेला. मी शिंप्याची टेप घेऊन मापं घेत होते. शेवटच्या दोन रकान्यांशी आल्यावर ह्यांना विचारलं, "खांब मधोमध आहे ना?"

हे दारात बसून एका चाकाला ग्रीस लावत होते. "मधोमध हाय की," म्हणाले. मान काही वर केली नाही.

मी दोन्ही रकान्यांत शून्य टाकलं. शून्य मला आवडतं, त्यात भांडणाला जागा नसते.

तोवर पाऊस लागला होता. तारे दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण मला ते नकोच होते. फटीचं झाकण बंद ठेवून त्याच्यावर आतल्या बाजूनं मी बरोबर मध्यावर खडूनं उभी रेघ ओढली. खडूचे तुकडे निवृत्त झाल्यावरही माझ्या पर्समध्ये सापडतात. मग दुर्बिणीच्या नळीवर टॉर्च बांधला. दुर्बीण वळली की घुमटानं मागोमाग फिरायचं आणि टॉर्चचा ठिपका खडूच्या रेघेवर पडायचा. पडला तर आपण पास. भर दुपारी, डोक्यावर फायबर पावसानं तडतडत असताना आमची परीक्षा सुरू झाली.

पूर्वेला ठिपका रेघेवर. मी टाळी वाजवली. पश्चिमेलाही रेघेवर. हे दारातून म्हणाले, "मास्तरीण हाय शेवटी." मग दुर्बीण उत्तरेला वळवली. घुमट घरघरत आला, थांबला, आणि ठिपका रेघेच्या कितीतरी उजवीकडं, पार झाकणाच्या कडेवर. म्हणजे खरा तारा असता तर निम्मी दुर्बीण भिंतीकडं बघत बसली असती.

"अधिक-उण्याची चूक असणार," मी म्हणाले. पोरांचे निम्मे मार्क त्यातच जायचे. पण दक्षिणेला वळवून बघितलं तर ठिपका डावीकडं. नळीच्या मापाचं चिन्ह बदललं, तर जे पूर्व-पश्चिम नीट होतं तेही बिघडलं.

श्रावण असाच गेला. प्रोग्रॅमवरचा विश्वास उडाला म्हणून मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर सगळं गणित हातानं करून पाहिलं. उत्तर तेच आलं. चेन कुठं ताणली गेलीय का बघितलं, सेन्सर काढून पुन्हा बसवला, उत्तर दिशा पुन्हा तपासली. पूर्व-पश्चिम शहाण्यासारखी वागायची आणि उत्तर-दक्षिण माझं नाक कापायची. पहिले काही दिवस हे चिडवत होते, "बोर्डाला बसली असतीस तर नापास." मग चिडवायचे थांबले. गणपती आले आणि गेले. पाऊस ओसरायला लागला तसे हे गप्प होत गेले, आणि ह्यांचं गप्प असणं घरात फार मोठं वाटतं.

एका सकाळी बघते तर हे दुर्बिणीची भिंगं जुन्या धोतराच्या फडक्यांत एकेक गुंडाळून खोक्यात भरत होते.

"हे काय?"

"गाडीत हादरं बसत्यात," हे म्हणाले. "राहू दे आता. लई केलंस."

त्या 'राहू दे'नं माझं डोकं फिरलं. पोरांनी वही मिटली की मला जसं व्हायचं तसंच झालं. उत्तर चुकत असेल तर केलेलं पुन्हा पुन्हा तपासू नका, दिलेलं तपासा, हे मी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगितलेलं. इथं दिलेलं काय होतं? सगळी मापं मी माझ्या हातानं घेतली होती. फक्त एक सोडून.

नायलॉनची दोरी खांबाला बांधली आणि भिंतीपर्यंत ताणून मी खांबाभोवती फिरले. उत्तरेला आणि दक्षिणेला दोरी सारखी भरली. पूर्वेला भिंत फार जवळ आली. पश्चिमेला दोरी पुरेना. खांब चांगला दीड वीत पूर्वेला होता. पश्चिमेच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या कोब्यावर गंजाचे चार डाग होते. मी त्यांच्यावरच गुडघे टेकून माप घेतलं आणि त्यांच्याकडं लक्षही दिलं नाही. ओढ होती घरात जाऊन भांडायची.

"खांब मधोमध आहे म्हणालात."

"मग? मधीच हाय. जरा हिकडं तिकडं."

"दीड वीत?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. "भूमिपूजन मधोमध झालतं," म्हणाले. "पूजेच्या जागी खांब कसा रोवायचा? म्हणून सरकवला."

ह्यांनी ऑपरेशनला अमावास्या घेतली होती, कारण त्या दिवशी दवाखान्यात गर्दी नसते. कारखान्याच्या दाराला लिंबू-मिरची बांधायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवणारा हा माणूस, आणि आता पूजा?

"गवंडी बोलवा," मी म्हणाले. "तो खांब काढा आणि मधोमध घ्या."

"खांब हलणार न्हाय."

"मग माझंही गणित होणार नाही. वाकड्या जागी उभ्या असलेल्या खांबाची मी समजूत घालत बसणार नाही."

"नगं घालू. दुर्बीण जाऊ दे कॉलेजला. खांब हलणार न्हाय."

हे हट्टी आहेत, पण असे नाहीत. जी दुर्बीण सोडताना ह्यांच्या घशाखाली भाकरी उतरत नव्हती, ती जाऊ दे, पण दीड वीत खांब हलवायचा नाही. मला ह्याचा अर्थ लागेना, आणि अर्थ लागला नाही की मी आणखी चिडते. त्यानंतर घरात मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं चाललं. ह्यांचं खोकं दारात भरून तयार होतं. मी मागं हटणार नव्हते. मी मंगळवार पेठेत टाकीवाल्या भावजींना फोन केला, की खांब काढायला घुमट उतरवावा लागेल, येऊन बघून जा.

भावजी ह्यांचे तालमीच्या दिवसांपासूनचे मित्र. आले ते सरळ घुमटातच घुसले, वर बघितलं, भिंतीवर दोन थापा मारल्या. आपलं काम अजून खणखणीत आहे म्हणून खूश झाले.

"उतरवतो की वैनी, त्यात काय. पण खांब काढायचा कशाला? चांगला उभा हाय."

"मधोमध नाही ना तो. भूमिपूजनाच्या पायी सरकवला म्हणे."

"कसल्या भूमिपूजनाच्या?"

"घुमटाच्या. पूजा मधोमध झाली होती ना?"

"कोण म्हणालं?" भावजी दारापाशी गेले आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर पाय ठेवून उभे राहिले. "पूजा हितं झालती वैनी. ह्या दगडावर. नारळ मीच फोडलता. मधी तर गुडघाभर चिखल हुता, तिथं कोण बसतंय पूजेला?"

मी त्या दगडाकडं वाकून बघितलं. भावजींना तेवढं पुरतं.

"खांबाच्या खड्ड्याला दोरी मी धरलती, बरोब्बर मधी. तर ह्यो आला आणि म्हणाला, हिकडं घे पूर्वेला. म्हटलं, का रं? म्हणाला, मधी पूजा झालीया. म्हटलं, आत्ता तर नारळ दारात फोडला. तर माझ्यावरच वराडला, तू गप टाक्या कर म्हणून. समोर चार गडी उभे. मग मी म्हटलं, असंल काय तरी ताऱ्यांचं. आपल्याला काय कळतंय."

भावजी चहाला घराकडं गेले. मी आत थांबले. पावसाळी उजेड दारातून कोब्यावर पडला होता आणि गंजाचे चार डाग त्यात स्वच्छ दिसत होते. चौकोनात, नीट अंतरावर. मी इतके दिवस त्यांच्यावरून पाय टाकून फिरत होते. ते माझ्या खुर्चीचे पाय होते.

लोखंडी खुर्ची होती ती, प्लॅस्टिकच्या वायरनं विणलेली. घुमटाचं बांधकाम निघालं त्या वर्षी मी नोकरीत होते, आणि मार्च म्हणजे बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे. मार्चमध्येच आमच्याकडं आकाशही चांगलं असतं. तेव्हा मी जाता जाता म्हणाले होते, तुम्ही तिकडं घुमटात असणार, मी इकडं गठ्ठ्यात, मार्चमध्ये आपली गाठ पडायची ती फक्त चहाला. तक्रार म्हणून नव्हे, सहज. घुमट झाला आणि पहिल्याच मार्चमध्ये ह्यांनी खांबाच्या बाजूला ही खुर्ची आणून ठेवली. "बस हितं तपासत," म्हणाले. एक लाल बल्बही लावून दिला, कारण दुर्बिणीपाशी पांढरा उजेड चालत नाही. मी गठ्ठा घेऊन बसले, पहिला पेपर तपासला आणि बघते तर माझी एक खूण दिसेना. लाल उजेडात लाल शाई दिसत नाही, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही इतके हसलो की तारा निसटला. गठ्ठा त्यानंतर तिथं नेला नाही. पण खुर्ची राहिली, आणि मी नुसतीच बसायला जायची, शाल घेऊन, कित्येक वर्षं. पुढं कॅमेरा आला, पडदा घरात आला, हे घरात बसायला लागले आणि खुर्ची गोठ्याच्या पडवीत गेली.

मी खांबापासून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत बघितलं. खांब मधोमध असता तर तिथं खुर्ची मावली नसती. दुर्बीण फिरताना नळी डोक्याला लागली असती. खांब दीड वीत सरकल्यामुळंच ती तिथं बसत होती, आणि मी इतकी वर्षं धरून चालले होते की घुमटात जागा असते, आपण बसतो. चार गड्यांसमोर आणि टाकीवाल्या मित्रासमोर, बायकोच्या खुर्चीला जागा ठेवायची आहे, असं म्हणणं ह्यांच्या जिभेवर आलं नसणार. त्यापेक्षा देवाचं नाव पुढं करणं सोपं गेलं असणार. मला रडू आलं. मग हसू आलं. मग पुन्हा राग आला, की हे मला कळायला एक अख्खा पावसाळा आणि सायकलच्या इतक्या चेनी खर्ची पडल्या.

घरात जाऊन मी भावजींना म्हणाले, "चहा घ्या आणि सावकाश जा. घुमट उतरवायचा नाही."

"खांब?"

"खांबाला हात लावायचा नाही."

भावजींनी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी कपबशीकडं बघितलं.

भावजींची गाडी रस्त्याला लागल्यावर मी घुमटात परत गेले. प्रोग्रॅम उघडला. पूर्व-पश्चिमच्या रकान्यातलं माझं लाडकं शून्य पुसलं आणि दोरीनं घेतलेलं माप तिथं भरलं. टॉर्च लावला. दुर्बीण उत्तरेला वळवली. घुमट आला, थांबला, ठिपका रेघेवर. दक्षिणेला, रेघेवर. ईशान्येला, नैऋत्येला, जवळजवळ डोक्यावर, कुठंही वळवा, रेघेवर. चेनीची खडखड ऐकून हे काठी टेकत आले आणि दारात उभे राहिले.

"बसला?"

"बसला."

मग हे म्हणाले, "गवंडी कवा येणार?"

"येणार नाही. पूजा म्हणे दारात झाली होती."

हे दाराच्या कडीशी चाळा करायला लागले. "टाकीवाला लई बोलतो," म्हणाले.

"खुर्चीसाठी ना?"

"मग? गठ्ठा घेऊन काय उभी राहणार हुतीस?"

"मग मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं?"

"त्यात सांगायचं काय," हे म्हणाले. "बसलीस की तू."

मी टॉर्च बंद केला आणि पुन्हा चालू केला. उगाचच, हाताला काम म्हणून.

संध्याकाळी ह्यांनी खोक्यातली भिंगं एकेक करून बाहेर काढली, फुंकर मारून पुसली. मग कॉलेजला फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, पण ह्यांचा फोन ऐकायला जवळ असावं लागत नाही. "गाडी नका पाठवू," हे ओरडून सांगत होते. "न्हाय, न्हाय, मन बदललं न्हाय, घुमट बदलला. आपला आपण फिरतोय आता. पोरास्नी घेऊन या की बघायला, जेवूनच जावा." मग बऱ्याच वेळानं, "व्हय, मंडळींनीच केलं. गणिताच्या हायत."

दसरा झाला आणि आभाळ उघडलं. पहिल्या मोकळ्या दिवशी मी पडवीतून खुर्ची काढली. तिची वायर उसवली होती ती नवी विणून घेतली आणि दिवस मावळायच्या सुमाराला ती घुमटात नेऊन चार डागांवर ठेवली. पाय अचूक बसले. घुमटात आता कुणी असायची गरज नाही, सगळं घरातल्या पडद्यावर दिसतं, पण गरजेचं काय घेऊन बसायचं. मी शाल आणायला घरात गेले. परत येते तर खुर्चीत हे.

"उठा."

"पाठ दुखतीया गं जरा."

"पाठीला घरात गादी आहे. ही जागा माझी आहे. खोटं वाटत असेल तर कॉम्प्युटरला विचारा, त्याच्याकडं माप आहे."

हे हसत हसत उठले आणि बाहेर दारातल्या दगडावर, नारळ फोडलेल्या दगडावर, जाऊन बसले. मी खुर्चीत बसले. फटीतून पश्चिमेचा उजेड जात आलेला दिसत होता. दुर्बिणीनं ह्यांचा तारा शोधला आणि कॅमेरा चालू झाला. थोड्या वेळानं चेन खडखडली, घुमट चार बोटं सरकला आणि थांबला. कुणी हात लावला नव्हता. हे दगडावरून मागं वळून बघत होते, घुमटाकडं नव्हे, माझ्या हातांकडं. दोन्ही हात शालीत, मांडीवर होते. हे पुन्हा समोर तोंड करून बसले आणि मी पाय लांब केले. खांबापर्यंत ते काही पोचले नाहीत.